रोटांच्या दिवशी आलेल्या सहियर

वार रविवार, नागपंचमीनंतरचा. रक्कम एकशे एक्कावन्न रुपये. हजर : आई, दादा, आबा, मोठी माय, मी, कडोदऱ्याहून आलेले आमचे भाऊबंद, आणि उंबऱ्याबाहेर चपला काढून उभ्या राहिलेल्या हेतल आणि मीनल. साल मुद्दाम लिहीत नाही. आमच्या घरात कुणालाही विचारा, ‘ज्या वर्षी त्या दोघी आल्या होत्या ते वर्ष’ असंच सांगतात आणि तेवढ्यावर सगळ्यांना कळतं. दादा म्हणजे माझे वडील. आबा त्यांचे थोरले भाऊ, आणि मोठी माय ही आबांची बायको. आम्ही गुजरातेत, नवागामला, एकाच घराच्या दोन खोल्यांत राहायचो, पुढच्या खोलीत आबांचं बिऱ्हाड, मागच्या खोलीत आमचं, आणि स्वयंपाकघर दोघांत एक.

त्या घराला शांतता अशी ठाऊक नव्हती. गल्लीच्या दोन्ही तोंडांना लूमची खाती, म्हणजे कापड विणायचे कारखाने, होती. त्यांचा खटखटाट भिंतीतून, पाण्याच्या हंड्यातून, जेवताना ताटातून जाणवायचा. दादा बारा तासांची पाळी करून आले की ते इतक्या मोठ्याने बोलायचे की पाहुण्यांना वाटे, भांडण चाललंय. आई दिवसभर साड्यांना टिकल्या चिकटवायची. तिच्या बोटांना त्या गोंदाचा वास कायम असे, आणि भाकरीतही चमकीचा एखादा कण सापडला तर आम्ही तो बाजूला काढून पुढचा घास घेत असू. मोठ्या मायचं शेंगदाणा-लसणाचं वाटण, कळण्याची भाकरी, हिवाळ्यातलं भरीत, हे सगळं खानदेशातून जसंच्या तसं उचलून आणलेलं. घरात बोलणं अहिराणीच. गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती. मी आज घरात यांच्याशी मराठी बोलते, मुलगी मला गुजरातीत उत्तर देते, पण ठेच लागली की आम्हा दोघींच्या तोंडून अहिराणीच निघते.

नवागामच्या आमच्या गल्लीतून कॉलेजात जाणारी मी पहिली मुलगी. पालिकेच्या मराठी शाळेत शिकलेली, आणि कॉलेज मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुलींचं, गुजराती माध्यमाचं. पहिल्या आठवड्यात हिशेबाच्या तासाला बाईंनी फळ्यावर लिहिलेली अक्षरं मला वाचता येत होती, पण उतरवून घेईपर्यंत फळा पुसला जाई. आकडे मात्र माझे चुकत नसत. एकदा मधल्या सुट्टीत मी कँटीनच्या पायरीवर बसून उदाहरण सोडवत होते. तिसऱ्या वर्षाची एक उंच मुलगी पाठीमागे उभी राहून बघत होती. ती म्हणाली, “उत्तर बरोबर आहे, पण तू हे मराठीत का सोडवतेस?” मी म्हटलं, “डोक्यात मराठीतच येतं.” ती खाली वाकली, माझी वही ओढून घेतली आणि प्रत्येक मराठी शब्दाच्या खाली गुजराती शब्द लिहून दिला. जमा, उधार, ताळेबंदाखाली सरवैयुं. मग म्हणाली, “आता डोक्यात कुठल्याही भाषेत येऊ दे.” ती हेतल. तिचे वडील वराछाला हिरे घासायचे. माणसाकडे सरळ बघून, आवाज न चढवता बोलायची तिची पद्धत मी पुढे आयुष्यभर उचलायचा प्रयत्न केला. निम्मीशी जमली.

हेतल सहियर मंडळाची प्रमुख होती. गुजरातीत सहियर म्हणजे मैत्रीण. कॉलेजने काढलेलं हे मंडळ नव्हतं. मुलींनीच कधीतरी सुरू केलेलं आणि एकीने दुसरीच्या हाती सोपवत आणलेलं. दरवर्षी तीनच मुली घ्यायच्या, म्हणजे तिन्ही वर्षांच्या मिळून नऊ. प्रवेशाचे एकशे एक्कावन्न, त्यातून सामाईक पुस्तकं. नियम दोन. पहिला, नव्या मुलीच्या घरी मंडळाच्या दोघींनी जाऊन जेवायचं, आणि ते घरचंच अन्न असलं पाहिजे, दुकानातलं नाही. जिथे जेवलो तिथलं सुखदुःख आपलं, असा त्याचा अर्थ. दुसरा, सहियरची हाक आली की जायचं. दुसरा नियम नुसता बोलण्यापुरता नव्हता. आदल्या हिवाळ्यात कामरेजच्या दक्षाला तिच्या घरच्यांनी कॉलेजातून काढलं, तेव्हा हेतल सगळ्या मुलींना घेऊन तिच्या अंगणात जाऊन बसली. कुणी भांडलं नाही, हात जोडले नाहीत. दक्षाची आजी वालाची पापडी निवडत होती, तर या सगळ्या तिच्याभोवती बसून पापडी निवडू लागल्या. दुसऱ्या दिवशी परत गेल्या. तिसऱ्या दिवशी आजीच म्हणाली म्हणे, “हिला घेऊन जा, नाहीतर माझ्या घरात निवडायला काही उरणार नाही.” दक्षा ते स्वतः सांगायची आणि प्रत्येक वेळी सांगताना हसता हसता रडायची.

हेतलने मला मंडळात ये म्हटलं तेव्हा मी लगेच हो म्हणायला हवं होतं, कारण मला त्या अंगणातल्या मुलींची गरज पडणार होती. आबांनी धुळ्याकडचं एक स्थळ धरून ठेवलं होतं. दिवाळीनंतर बोलणी, उन्हाळ्यात लग्न, आणि कॉलेज जेवढं झालं तेवढं पुरे, असं घरात चाललेलं होतं. दादा आबांच्या शब्दाबाहेर नव्हते. त्यांना लूमवर लावलं आबांनीच. पण मी अडले ती दुसऱ्या नियमाशी. मला गिरणीवर जायचं तर विचारून जावं लागे. दुसऱ्या कुणाच्या अंगणात तीन दिवस बसायला मला कोण सोडणार? स्वतःसाठी हाक मारायची आणि दुसरीची हाक आली की घरचे सोडत नाहीत म्हणायचं, हा एका बाजूचा व्यवहार झाला. मी हेतलला तसं स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, “आधी जेवायला तर येऊ दे. शब्द नंतर दे, पाळता येईल तेव्हा.” माझी मुलगी हे ऐकते तेव्हा म्हणते, मम्मी, एवढा विचार? तिच्या फोनमध्ये मैत्रिणींचे अकरा ग्रुप आहेत आणि त्यातल्या एकाही ग्रुपसाठी तिला विचार करावा लागला नाही.

आता ती तारखेची गोष्ट. आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते, नागपंचमीनंतरच्या रविवारी. खानदेशातल्या माणसाला दिवाळीला गावी जाता आलं नाही तरी चालतं, पण कानबाईला भाऊबंदांत नसणं चालत नाही. मी हेतलला सांगितलं होतं की तो एक रविवार सोडून कुठलाही ठरव, आणि तो नागपंचमीनंतरचा असतो. हेतलने नीट पंचांग बघितलं आणि त्याच्या दोन आठवडे आधीचा रविवार ठरवला. मीही मान हलवली, कारण तिने तारीख न सांगता ‘तुमच्या सणाच्या पंधरा दिवस आधी’ एवढंच सांगितलं होतं. घोळ असा की गुजराती लोकांची नागपंचमी श्रावणाच्या वद्य पक्षात येते आणि आमची शुद्ध पक्षात. एकाच महिन्यात, एकाच नावाची, पंधरा दिवसांच्या अंतराने. तिने तिच्या नागपंचमीपासून मागे मोजलं आणि बरोबर आमच्या कानबाईवर येऊन थांबली. दोघींची बेरीज बरोबर, आरंभ वेगळा. माझ्या हिशेबाचा रविवार कुणी न येता गेला, तेव्हा बेत पुढे गेला असेल असं समजून मी विचारलंच नाही. शनिवारी संध्याकाळी कॉलेजातून निघताना मंडळातली मीनल म्हणाली, “काल जमवा आवीए छीए, हों!” उद्या जेवायला येतोय. मी बसमध्ये चढले होते, आणि बस सुटली होती. फोन ना तिच्या घरी, ना माझ्या.

घरी आले तर रोटांचे गहू मोजणं चाललं होतं. कानबाईचे रोट म्हणजे त्या दिवसाच्या पुरणाच्या जाड पोळ्या. त्याला गहू लागतात ते घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ. मोठी माय सुपाशी बसून नावं घेत मोजत होती : आबांची सव्वा, दादांची सव्वा, माझ्या भावाची सव्वा, तिच्या दोन मुलांच्या. बायकांची मूठ नसते. गिरणीवाल्याने त्या दिवसापुरतं एक जातं धुऊन ठेवलेलं असे, त्याच्यावर फक्त कानबाईचं दळण. हे रोट भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत, हात धुतलेलं पाणीसुद्धा पायदळी जाऊ द्यायचं नाही. आणि रोट संपेपर्यंत त्या घरात दुसरी चूल पेटत नाही. मी आईला बाजूला घेऊन सांगितलं. आईने टिकल्यांचा डबा मिटला. मग म्हणाली, “मोठ्या मायला तू सांगशील का मी?” आणि आम्ही दोघींनीही सांगितलं नाही. आता माझ्या घरी कानबाई बसते तेव्हा मी मुलीचीही सव्वा मूठ घालते. यांनी विचारलं होतं, हे कुठल्या शास्त्रात? मी म्हटलं, गणितात.

रविवारी दुपारी नैवेद्य झाला होता, पानं मांडायची होती. चौरंगावर नथ घातलेली, शालू नेसवलेली कानबाई. आत-बाहेर माणसंच माणसं. आणि त्या गर्दीच्या टोकाला लुना उभी करून, हातात पेरूंची पिशवी घेऊन त्या दोघी. हेतलला एका नजरेत कळलं की आपण चुकीच्या दिवशी आलो. ती म्हणाली, “सुनंदा, आम्ही पाणी पिऊन निघतो.” मीनल तिच्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी कुजबुजली, “आणि नियम?” त्या वर्षीची ही शेवटची भेट होती. बाकी दोन मुलींची घरं जेवून झाली होती, आणि पुढच्या वर्षी मी कुठे असणार हे आबांनी ठरवलेलं होतं.

मोठी माय कमरेवर हात ठेवून दारात आली. “कोन शेतस या पोरी?” मी सांगितलं. सगळं सांगितलं, जेवणाचं, नियमाचं, पंचांगाचं, प्रवेशाच्या पैशांचंही. ती ऐकत होती, आणि माझ्या मागे आबा ऐकत होते. “देवीना रोट बाहेरनाले चालत नही,” मोठी माय म्हणाली. आई मान खाली घालून उभी. मोठ्या मायने त्या दोघींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पेरूंच्या पिशवीसकट, आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “पन दारवर उनेल पोरी उपाशी जातीन का? कानबाईना दिनले?”

ती आत गेली आणि परत आली ती सूप घेऊन. सुपात रोजच्या डब्यातलं, न मोजलेलं गव्हाचं पीठ, हरभऱ्याची डाळ, गूळ, वाटीत तूप, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, फोड. शिधा. शिजवलेलं देता येत नाही त्याला कोरडं द्यायचं, ही आमच्याकडची जुनी रीत, पण ती मागायला आलेल्या गोसाव्यासाठी. कॉलेजातल्या मुलींना शिधा दिलेला मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. “हाई घ्या,” ती म्हणाली, “गच्चीवर रांधा. चूल मन्ही नही, पन दाना मन्हा घरना शे.” चूल आमची नाही, दाणा आमच्या घरचा. मी हेतलकडे बघितलं. हेतलने ते सूप दोन्ही हातांनी घेतलं आणि म्हणाली, “नियम घरच्या अन्नाचा आहे. कोणी रांधायचं हे त्यात नाही.”

शेजारी एक ओडिया बिऱ्हाड होतं, त्यांच्याकडून रॉकेलचा स्टोव्ह आणला. गच्चीवर वाळत घातलेल्या साड्या बाजूला सारून आम्ही तिघी बसलो. हिऱ्यासारखं नेमकं बोलणाऱ्या हेतलला पुरणपोळीतलं ओ की ठो येत नव्हतं. डाळ शिजली, पुरण वाटलं गेलं ते तिखटाच्या पाट्यावर, शेजाऱ्यांच्याच. पहिली पोळी तव्यावर पडली आणि तीन ठिकाणी फुटून गूळ जळायला लागला. खालून बायका एकेक करून जिन्यात जमल्या होत्या. मीनलने ती पोळी उलथन्यावर उचलून सगळ्यांना दाखवली. “मासी, आ रोटली नथी, नकशो छे!” ही पोळी नाही, नकाशा आहे. जिन्यातून मोठ्या मायचा आवाज आला, “हाऊ कोनता देश शे वं?” गच्चीवर हशा उसळला. मग ती स्वतःच वर आली, धाप टाकत, पदर खोचत. हेतलला बाजूला सरकवलं, आणि पिठाचा गोळा तिच्या तळहातावर ठेवून, तिच्या बोटांवर स्वतःची बोटं ठेवून त्याची वाटी करून दाखवली. दोघींना एकमेकींची भाषा अर्धीच कळत होती. मोठी माय बोलत होती, हेतल ‘हा मासी’ म्हणत होती, आणि चौथी पोळी गोल झाली. मोठ्या मायला मी जन्मापासून ओळखत होते, पण तिला कुणाला काही शिकवताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. इतकी वर्षं ती आम्हाला फक्त ‘सरक, माले करू दे’ म्हणत आली होती.

पानं दोन ठिकाणी पडली, खाली भाऊबंदांची आणि वर सहियरांची. मी जिन्याच्या मध्यावर उभी. मला दोन्हीकडे भूक होती. मोठी माय खालून म्हणाली, “मधमा काय उभी राह्यनी? आठे बी जेव, तठे बी.” मी खाली रोट खाल्ला आणि वर जाऊन नकाशे खाल्ले. दोन्ही पोटात मावले.

जेवणं झाल्यावर हेतल खाली आली, आबांना नमस्कार केला आणि त्यांच्यासमोरच मला विचारलं, “आता तुझं उत्तर?” तिने एकटीला गाठून विचारलं असतं तर सोपं गेलं असतं. पण तिला माझा शब्द माझ्या घरात हवा होता. मी म्हटलं, “मला यायचंय. पण हाक आली तर मला सोडतील की नाही, हे मी सांगू शकत नाही.” आबा तंबाखू चोळत होते. म्हणाले, “सांगून ठेव तिला. लोकांच्या दारी बसायला आपल्या घरची पोर जाणार नाही. आणि उन्हाळ्यानंतर ती इथे असणारही नाही.” दादांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर कानबाईकडे वळवली. मी मान हलवली. हेतलला ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं होतं.

मोठी माय उष्टी काढत होती. ताटं हातात तशीच धरून ती आबांसमोर येऊन उभी राहिली. भाऊबंदांसमोर तिने आबांना कधी उत्तर दिलेलं नव्हतं. “तुमी मानसे भाऊबंद,” ती म्हणाली. “आमना बायासना भाऊबंद कोन?” ताटं सावरत ती पुढे म्हणाली, “मना बापना घरना रोट मी लगीन व्हयनं तधळपाइन खादा नही. आठे खास तो तुमना मुठना.” बापाच्या घरचा रोट लग्न झाल्यापासून सुटला, इथला मिळतो तो नवऱ्याच्या मुठीतला. हे तिने रडून सांगितलं नाही. बाजारात भाव सांगावा तसं सांगितलं. आणि मग हेतलकडे हनुवटीने खूण करून म्हणाली, “आठे भाऊबंद इकत भेटी राह्यनात, त लेवू द्या पोरले. एकशे एक्कावन्नमा काय महाग शे?”

विकत मिळणारे भाऊबंद ऐकून कडोदऱ्याचा एक म्हातारा चुलता आधी हसला. मग बाकीचे. आबा हसले नाहीत, पण त्यांनी तंबाखू न खाता फेकून दिली. मोठी माय ताटं घेऊन मोरीकडे गेली. तिच्यामागोमाग आई उठली, आणि आईच्या मागे दादा. भाऊबंदांदेखत उष्टी ताटं उचलताना मी दादांना तेव्हाच पाहिलं. पुढे दक्षाच्या बहिणीसाठी, मीनलच्या वडिलांच्या आजारपणात, आणि एकदा हेतलसाठीच, मला हाक आली. मी गेले. एकदाही मला घरात ‘कुठे’ असं विचारलं गेलं नाही. धुळ्याचं स्थळ दिवाळीनंतर कुणी काढलंच नाही. मी बी.कॉम. झाले, बँकेत लागले, लग्न माझ्या वेळेला झालं. त्या सगळ्याचं श्रेय मी कुणा एकीला देत नाही. हेतल आणि मोठी माय, दोघींना देते, आणि दोघींमध्ये किती-किती ते मला अजून विभागता आलेलं नाही.

मला तेव्हा हेतलला एवढंच म्हणता आलं, “येते मी.” ती म्हणाली, “मग उद्या कॉलेजात.” मोठ्या मायने दोघींची ओटी भरली आणि मगच लुनाला किक मारू दिली.

सोमवारी सकाळी कानबाई वाजतगाजत पाण्याला गेली आणि मी केसांत गुलाल तसाच ठेवून कॉलेजला निघाले. दादांनी शंभराची नोट दिली. मोठ्या मायने पदराच्या गाठीतून पन्नास काढले. आबा ओट्यावर बसले होते. मी चपला घालत होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “दीडशे मोकळे कसे देशील?” आणि बंडीच्या खिशातून रुपयाचं नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं. दहाच्या सुमारास, कँटीनच्या पायरीवर, एकशे एक्कावन्न रुपये हेतलला पोचते केले.